वेल फोफावला, पण रताळी कुठे आहेत?

महाशिवरात्र नाहीतर नवरात्र उलटली की स्वयंपाकघरातल्या टोपलीत एखादं रताळं मागे राहतं, त्याला जांभळट कोंब येतात आणि वाचकांचे प्रश्न सुरू होतात. हे लावलं तर येईल का? बटाट्यासारखं कापून लावायचं की अख्खं? चार-पाच महिन्यांनी सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न येतो: ‘वेल गच्चीभर पसरलाय, पानं हिरवीगार आहेत, पण खणल्यावर करंगळीएवढ्या मुळ्याच निघाल्या. असं का?’

या सगळ्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण रताळ्याला बटाट्याच्या रांगेत बसवतो. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड. त्याला डोळे असतात, म्हणून फोड करून लावता येते. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ आणि त्याचं कूळ गारवेलीचं, नाळीच्या भाजीचं. कोनफळ किंवा सुरण तुकडा करून लावतात, रताळ्याचा मात्र वेल लावायचा असतो. अख्खं रताळं जमिनीत पुरलंत तर बऱ्याचदा तेच आणखी फुगतं, दोरकट होतं आणि नवी रताळी फार थोडी लागतात.

दुसरी गोष्ट अशी की या पिकाचे लाड करायचे नसतात. खत आणि पाणी जितकं सढळ, तितकी पानं जास्त आणि रताळी कमी. घरच्या बागेत रताळं फसतं ते दुर्लक्षाने क्वचित, प्रेमाने जास्त.

आधी महिना ठरवा

लावणीपासून काढणीपर्यंत साधारण साडेतीन ते चार महिने धरा. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पंधरा-वीस दिवस जास्त. बहुतेकांना रताळी उपासाला हवी असतात, म्हणून तारीख उलटी मोजा:

- नवरात्रासाठी: जूनच्या मध्यापर्यंत वेल मातीत गेले पाहिजेत.
- महाशिवरात्रीसाठी: ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. नोव्हेंबर उजाडला तर देशावरच्या थंडीत उशीर होतो.
- आषाढी एकादशीसाठी: फेब्रुवारीत लावा. पाणी हाताशी असेल तरच या फंदात पडा.

रताळ्यापासून स्वतः रोपं करणार असाल तर या तारखांच्या आधी सहा आठवडे कामाला लागा. इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. कोंब बघून उत्साह येतो मार्चमध्ये आणि कडक मे महिन्यात रोपं कोमेजतात.

बेणं कुठून आणायचं

तीन मार्ग आहेत. पहिला आणि सगळ्यात चांगला म्हणजे कुणाच्या तरी शेतातले, परसातले वेल मागून आणणं. लावून दोन-तीन महिने झालेल्या निरोगी वेलाचा शेंड्याकडचा वीतभर ते सव्वा वीत तुकडा घ्या. बुंध्याकडचा तुकडा जून असतो, तो रुजायला रेंगाळतो, शिवाय त्यातून कीड घरी येण्याची भीती जास्त.

दुसरा मार्ग कृषी विद्यापीठाचं विक्री केंद्र किंवा जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र. कोकणातल्या वाचकांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे ‘कोकण अश्विनी’ किंवा ‘वर्षा’ या वाणांची चौकशी करावी. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने नारिंगी गराचं ‘भू सोना’ आणि जांभळ्या गराचं ‘भू कृष्णा’ काढलं आहे. घरात लहान मुलं असतील तर नारिंगी गराचं वाण जरूर शोधा. त्या रंगातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. आपल्या बाजारातल्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते नाममात्र असतं. मात्र एक सांगून ठेवते: नारिंगी रताळं शिजल्यावर मऊ, ओलसर होतं. किसासाठी किंवा निखाऱ्यावर भाजायला ज्यांना पिठूळ रताळं आवडतं, त्यांना ते पहिल्या घासाला रुचेलच असं नाही.

तिसरा मार्ग बाजारातल्या रताळ्याला फुटवे आणण्याचा. शहरातल्या बहुतेकांना हाच सोयीचा पडतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

रताळ्यापासून फुटवे

आठवडी बाजारातलं, माती लागलेलं, मध्यम आकाराचं रताळं निवडा. घासून धुतलेली, चकचकीत रताळी टाळा. सालीवर बारीक भोकं, काळे डाग, सुरकुत्या काहीही चालणार नाही. चार माणसांच्या घराला दोन-तीन रताळी पुरतात, कारण एका चांगल्या रताळ्याला डझनभर फुटवे सहज येतात.

पसरट कुंडी किंवा फळांची पेटी घ्या, खाली भोकं हवीत. तिच्यात वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं भरा, रताळी आडवी ठेवा आणि वरची बाजू जेमतेम दिसेल इतकी बुजवा. दोन रताळ्यांत चार बोटांचं अंतर ठेवा. माध्यम ओलसर हवं, चिखल नको. पेटीला ऊब लागते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी हे काम झपाट्याने होतं आणि पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रताळं नुसतं बसून राहतं. थंडीत पेटी दिवसा उन्हात आणि रात्री घरात घ्या.

पेल्यात पाणी घालून, टूथपिक खुपसून रताळं अर्धं बुडवायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. ती चालते. खिडकीत ठेवायला सुंदरही दिसते. पण वेळ जास्त लागतो आणि पाणी दोन दिवसांआड बदललं नाही तर रताळं सडून वास मारतं. तीच पद्धत करायची असेल तर देठाकडचं टोक वर आणि शेपटाकडचं पाण्यात ठेवा. उलटं ठेवलंत तर फुटवे उशिरा येतात. देठाकडे वेलापासून तुटल्याची खूण असते, दुसरं टोक निमुळतं होत मुळीसारखं संपतं. एवढ्यावरून ओळखता येतं.

फुटवे वीतभर झाले, त्यांवर पाच-सहा पानं आली की मातीच्या वर दोन बोटं सोडून कापा. ओढून उपटलेत तर रताळ्यावरचा रोग-कीड सोबत येऊ शकते. कापताना पांढरा चीक येतो, त्याने घाबरू नका, हातालाही विशेष त्रास होत नाही. कापलेला फुटवा जवळून पाहा. प्रत्येक पेराशी, पानाच्या देठाखाली, टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके उंचवटे दिसतील. त्या उद्याच्या मुळ्या. चांगली रताळी मुख्यतः त्यांच्यातूनच पोसतात, म्हणून हाताळताना ती पेरं चोळू नका, खरचटवू नका.

फुटवे कापल्यावर लगेच लावले तरी चालतात. मी खालची पानं काढून ते ओल्या गोणपाटात गुंडाळते आणि एक-दोन दिवस सावलीत ठेवते, मग लावते. रुजायला त्याने मदत होते. पाण्याच्या बाटलीत ठेवायचे तर मुळ्या नुसत्या डोकावल्या की बाहेर काढा. बाटलीत मुळ्यांचा गुंता वाढू दिला तर तो पुढे तसाच वेटोळ्यात राहतो आणि रताळी वाकडीतिकडी होतात.

उरलेलं रताळं फेकू नका, त्याला दुसरी खेप येते.

माती, कुंडी, गच्ची

रताळ्याला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी माती हवी. कोकणातली तांबडी, नदीकाठची पोयट्याची जमीन उत्तम. मराठवाडा-विदर्भातल्या भारी काळ्या मातीत रताळं पिळवटतं, भेगाळतं. तिथे सपाट वाफा सोडा आणि वीत-दीड वीत उंचीचा वरंबा करा, त्यात जुनं शेणखत आणि वाळू मिसळा. कोकणात पावसाळ्यात लावतानाही वरंबा हवाच, नाहीतर आषाढातल्या पाण्याने मुळं गुदमरतात.

कुंडी निवडताना खोलीबरोबर रुंदीकडेही पाहा. सव्वा फूट खोल आणि तितकीच रुंद पिशवी दोन रोपांना पुरते. मिश्रण असं करा: दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट. ताजं शेण नको. वरून मूठभर लाकडाची राख टाका, तिच्यातून पालाश मिळतं आणि ते मुळं पोसायला लागतं. युरिया तर मुळीच नको. स्वयंपाकघरातल्या कंपोस्टने भरलेल्या पिशवीत रताळं लावून वर पुन्हा जीवामृत ओतणाऱ्यांचेच वेल गच्चीभर पसरतात आणि खाली काही नसतं.

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. बाल्कनीत तेवढं येत नसेल तर रताळ्याची आशा सोडा आणि कोवळ्या शेंड्यांची भाजी खा. तीही चवीची होते, लसूण-मिरचीच्या फोडणीवर पाच मिनिटांत.

गच्चीबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. चाळीस लिटरची पिशवी पाणी घातल्यावर पन्नास किलोच्या आसपास जाते. वीस पिशव्या म्हणजे टनभर वजन, तेव्हा त्या एकाच कोपऱ्यात रचू नका, भिंतीच्या कडेने विखुरून ठेवा आणि खाली विटा देऊन पाण्याला वाट मोकळी ठेवा. सोसायटीची गच्ची सामाईक असते. आधी व्यवस्थापक समितीकडे अर्ज करा आणि होकार लेखी घ्या. तोंडी होकार समिती बदलली की विरतो, आणि गळतीची पहिली तक्रार आली की बोट कुंड्यांकडेच जातं.

लावण

संध्याकाळी लावा. जमिनीत दोन वरंब्यांत दोन फूट, दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. शेतात याहून दाट लावतात, पण घरी मोकळं लावलेलं बरं. शेंडा आणि दोन-तीन पानं वर ठेवून खालची तीन पेरं मातीत गेली पाहिजेत. वेल उभा खुपसला तर सहसा थोडी पण मोठी रताळी लागतात, तिरपा किंवा आडवा पुरला तर जास्त आणि मध्यम आकाराची. मी तिरपाच लावते. भाजून खायला मुठीत मावणारं रताळं सोयीचं पडतं.

पहिले तीन-चार दिवस वेल मान टाकतो. उपटून बघू नका. दुपारी सावली करा, संध्याकाळी पाणी द्या, आठवड्यात नवं पान दिसतं.

पहिला महिना आणि पुढचे तीन

कुठलं मूळ फुगणार आणि कुठलं नुसतं दोरीसारखं राहणार, हे लावणीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात ठरतं. त्या काळात माती कोरडी पडली, पाणी तुंबलं किंवा माती तुडवून घट्ट झाली तर मुळ्या चिवट होतात, आणि नंतर कितीही खत घाला, त्या फुगत नाहीत. म्हणून या महिन्यात लक्ष द्या: ओल सतत पण बेताची, तण हाताने काढलेलं, वाफ्यात पाय नाही. साधारण महिन्याने एकदा खुरपून बुंध्याशी मातीची भर द्या.

त्यानंतर हात आखडता घ्या. वेलाने जमीन झाकली की तण आपोआप दबतं. जमिनीत आठ-दहा दिवसांनी, कुंडीत बोट खुपसून दोन पेरं खोलवर कोरडं लागलं की पाणी. काढणीआधी पंधरा दिवस पाणी जवळजवळ बंद. शेवटी शेवटी भरपूर पाणी मिळालं तर रताळी तडकतात.

‘वेल उलटवावा का?’ हाही नेहमीचा प्रश्न. जमिनीवर पसरलेला वेल पेरापेराला मुळं धरतो, तिथे बारीक, निरुपयोगी रताळी लागतात आणि मुख्य बुंध्याचा वाटा कमी होतो. म्हणून पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी वेल हलकेच उचलून मुळं सुटतील इतकं हलवावं आणि जागच्या जागी ठेवावं. पूर्ण पालथा घालून पानं खाली दाबू नये. कुंडीतला वेल कठड्यावरून खाली सोडलात किंवा दोरीवर चढवलात तर हा प्रश्नच उरत नाही.

भाजीसाठी शेंडे खुडायला हरकत नाही, पण दर वेळी थोडे. आठवड्याला टोपलीभर पाला काढायचा आणि रताळ्याचीही अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही.

सोंड्या भुंगा: खरा शत्रू हाच

पानं खाणाऱ्या अळ्या दिसल्या की वाचक घाबरतात. त्यांचं फारसं मनावर घेऊ नका, हाताने वेचा. भीती बाळगा ती सोंड्या भुंग्याची. तो मुंगीसारखा दिसतो, लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर, डोकं आणि पंख निळसर काळे, मधला भाग आणि पाय तांबूस. मादी बुंध्यात आणि उघड्या पडलेल्या रताळ्यात अंडी घालते, अळ्या आत बोगदे पोखरतात. पोखरलेल्या रताळ्याला उग्र वास येतो आणि ते कडू लागतं. पोखरलेला भाग काढून उरलेलं खाऊ, असा विचार करू नका, कारण कडवटपणा आजूबाजूलाही पसरलेला असतो. असं किंवा बुरशी आलेलं रताळं गाई-म्हशींनाही घालू नका, त्यातल्या विषाने जनावरांच्या फुप्फुसांना इजा होते.

यावर फवारणीपेक्षा सवयी जास्त उपयोगी पडतात:

- बेणं शेंड्याकडचंच घ्या.
- रताळी फुगताना मातीला भेगा पडतात, भुंगा तिथूनच आत शिरतो. भेगा दिसल्या की लगेच माती ओढा.
- एकाच वाफ्यात, एकाच पिशवीतल्या मातीत लागोपाठ रताळं नको. मध्ये मेथी, मुळा, चवळी काहीही घ्या.
- तयार झालेलं पीक जमिनीत ‘साठवून’ ठेवू नका.
- काढणीनंतर पोखरलेले बुंधे कंपोस्टात टाकू नका. जाळा किंवा खोल पुरा.

मोठ्या परसात या भुंग्यासाठी कामगंध सापळाही लावता येतो. कृषी सेवा केंद्रात ‘रताळ्याच्या सोंड्या भुंग्याचा’ असं स्पष्ट सांगून मागा, दुसऱ्या किडीची गोळी इथे चालत नाही. उंदीर-घुशींवर मात्र रामबाण उपाय माझ्याकडे नाही. पिशवी जमिनीपासून उचलून ठेवणं आणि वेळेवर काढणी करणं, एवढंच हातात असतं.

काढणी आणि त्यानंतरचा आठवडा

पानं पिवळी पडू लागली की बुंध्याजवळची माती हाताने उकरून एक रताळं काढा आणि मधोमध कापा. कापलेला भाग हवेत पांढराच राहून सुकला तर पीक तयार. हिरवट-काळपट झाला तर आणखी पंधरा दिवस थांबा.

आधी वेल कापून घ्या, मग बुंध्यापासून हातभर लांबून कुदळ किंवा खणणी लावा. साल अतिशय नाजूक असते, खरचटलेलं रताळं टिकत नाही. चांगल्या जमिनीत एका रोपाला अर्धा किलो मिळालं तर समाधान माना, कुंडीत त्याहून कमी.

काढल्या काढल्या उकडून खाल्लं आणि ‘गोडच नाही’ अशी निराशा झाली, असं अनेकजण कळवतात. ताजं रताळं पिठूळच असतं. न धुता, माती नुसती झटकून, ते उबदार, दमट आणि हवेशीर जागी आठवडाभर गोणपाटाखाली ठेवा. उन्हात पसरू नका. या दिवसांत बारीक जखमांवर नवी साल येते आणि पुढे पिठाची साखर होत जाते. त्यानंतरही दोन-तीन आठवडे धीर धरलात तर चवीतला फरक कळेल. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. बारा अंशांच्या खाली रताळ्याचा गाभा कडक होतो आणि कितीही शिजवला तरी मऊ होत नाही.

विकत घेताना, वाटताना तुमचे हक्क

नर्सरीतून किंवा ऑनलाइन ‘जांभळं’, ‘जपानी’, ‘शुगर फ्री’ अशा नावांनी वेल विकले जातात. वाणाचं नाव लिहिलेली पावती मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर वाणाचं नाव नसेल तर उद्या पांढरी रताळी निघाल्यावर तुमच्या हातात काहीच नसतं.

बाजारातलं फारच लालभडक रताळं दिसलं तर कापसाचा बोळा पाण्यात किंवा तेलात भिजवून सालीवर घासा. बोळ्याला लाल रंग लागला तर ऱ्होडामाइन बी या बंदी असलेल्या रंगाची शंका घ्यायला जागा आहे. हीच साधी चाचणी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही सुचवली आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासूनही घेता येतो.

परसातले वेल शेजाऱ्यांना द्यायला कोणाची आडकाठी नाही. आणि तुम्ही शेतकरी असाल तर वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ ने नोंदणीकृत वाणाचंही बेणं राखून ठेवण्याचा, पुन्हा लावण्याचा, देवाणघेवाणीचा, विकण्याचाही हक्क तुम्हाला दिला आहे. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी बॅगेतून वेल मात्र पाठवू नका. बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जिवंत वनस्पती नेणं बेकायदा आहे. तिकडच्या वाचकांनी स्थानिक नर्सरीतून फुटवे घ्यावेत आणि कडाक्याची थंडी, हिमकण पूर्ण सरल्यावरच लावावेत.

काढणीच्या दिवशी एवढं करा

वेल कापाल तेव्हा सगळाच पाला कंपोस्टाच्या खड्ड्यात लोटू नका. शेंड्याकडचे आठ-दहा निरोगी तुकडे बाजूला ठेवा, एका कुंडीत दाटीने खुपसा आणि अर्धवट सावलीत जगवत राहा. महिन्यातून एकदा छाटा. या कुंडीतून रताळी मिळणार नाहीत, पण पुढच्या हंगामाचं बेणं मिळेल, आणि जानेवारीच्या थंडीत फुटव्यांची वाट पाहत बसावं लागणार नाही. महाशिवरात्रीची रताळी आधी काढून फेब्रुवारीत आषाढीची लावण करायची असेल तर याच कुंडीतले शेंडे उपयोगी पडतात. दोन-तीन हंगामांनी मात्र या बेण्याचा जोम उतरतो, पानं आखडलेली किंवा चट्ट्यापट्ट्याची दिसू लागतात. तसं दिसलं की कुंडी रिकामी करा आणि दुसरीकडून नवे वेल आणा.